अमोनिया-निर्मितीतील ऊर्जाबचत : एका रूढ विधानाची चिकित्सा

नायट्रोजन-स्थिरीकरणावरील प्रबंध अथवा शोधनिबंध उघडला, तर त्याच्या प्रारंभीच्या परिच्छेदात एक विधान बहुधा ठरलेल्या शब्दांत आढळते. ते असे : हेबर-बॉश पद्धतीस उच्च तापमान व उच्च दाब लागतो, म्हणून ती जगातील ऊर्जेचा मोठा हिस्सा खर्ची घालते, यास्तव सौम्य तापमानावर व अल्प दाबाखाली कार्य करणारा नवा उत्प्रेरक शोधणे हाच ऊर्जाबचतीचा मार्ग होय. यांतील पहिले वाक्य खरे आहे. दुसऱ्या वाक्यातील ऊर्जेचे परिमाणही खरे आहे. परंतु या दोहोंना जोडणारे 'म्हणून' खोटे आहे आणि त्यावर उभारलेले 'यास्तव' त्यामुळेच निराधार ठरते. विद्यार्थी हे विधान पूर्वसूरींकडून घेतात, परीक्षक ते वाचून पुढे जातात आणि त्याच्या बळावर पुढील संशोधनाची दिशा ठरते. म्हणून या विधानाची एकदा आकड्यांनिशी चिकित्सा करणे अगत्याचे वाटते.

प्रथम परिमाणाचा विचार करू. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अमोनियाविषयक अहवालानुसार जगाच्या अंतिम ऊर्जावापरापैकी सुमारे २ टक्के ऊर्जा या एका उद्योगात खर्च होते. दर टन अमोनियामागे जागतिक सरासरी खर्च सुमारे ४१ गिगाज्यूल आणि नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या उत्तम कारखान्यांचा खर्च सुमारे २८ गिगाज्यूल, असे हा अहवाल सांगतो. याविषयी वाद नाही. वाद आहे तो ही ऊर्जा कशासाठी लागते, याविषयी.

अमोनिया हे स्वतःच एक इंधन आहे. एक टन अमोनिया जाळल्यास, निम्न ऊष्मीय मूल्य धरून, १८.६ गिगाज्यूल उष्णता मिळते. म्हणजेच कारखान्यात शिरलेल्या २८ गिगाज्यूलपैकी दोन-तृतीयांश ऊर्जा वाया गेलेली नसून ती उत्पादितातच साठवलेली असते. कोणताही उत्प्रेरक, कितीही चमत्कारिक असला तरी, या १८.६ मध्ये कपात करू शकणार नाही. तसे झाल्यास तो ऊर्जेच्या अक्षय्यतेचाच भंग ठरेल. पुढे, मिथेन, वाफ व हवा यांपासून अमोनिया बनविताना समीकरणाच्या हिशेबाने जेवढे मिथेन अपरिहार्यपणे लागते, त्याची ऊर्जा दर टनामागे २१ गिगाज्यूलच्या आसपास भरते. तेव्हा उत्तम कारखाना व ही सैद्धांतिक सीमा यांतील अंतर अवघे ७ गिगाज्यूलचे आहे. ऊर्जाबचतीची सारी चर्चा वस्तुतः या सातांविषयीची चर्चा आहे, अठ्ठाविसांविषयीची नव्हे.

आता या सातांत उच्च दाबाचा वाटा किती, ते पाहू. वायूच्या समतापी संपीडनास लागणारे आदर्श कार्य दाबांच्या गुणोत्तराच्या लॉगॅरिथमच्या प्रमाणात वाढते. एक मोल अमोनियासाठी दोन मोल संश्लेषणवायू लागतो, हे ध्यानी घेऊन सामान्य तापमानावर हिशेब केला, तर १ बारपासून १५० बारपर्यंतच्या संपीडनास दर टनामागे सुमारे १.५ गिगाज्यूल लागतात. परंतु आधुनिक कारखान्यात संश्लेषणवायू प्रारंभीच २५ ते ३० बार दाबाखाली तयार होतो. तेथून १५० बारपर्यंत नेण्यास आदर्श कार्य लागते ते केवळ ०.४७ गिगाज्यूल. हाच दाब १५० ऐवजी ८० बारवर आणला, तर ०.२९ गिगाज्यूल लागतील. बचत झाली ती ०.१८ गिगाज्यूलची. संपीडक व टर्बाइन यांची अपूर्ण कार्यक्षमता जमेस धरून इंधनाच्या रूपात हा आकडा चौपट केला, तरीही तो एक गिगाज्यूलपर्यंत पोहोचत नाही. शिवाय दाब कमी झाला की अमोनियाचे द्रवीकरण अधिक दुष्कर होते आणि प्रशीतनाचा खर्च वाढतो. एका हाताने जे वाचविले, त्यातले बरेचसे दुसऱ्या हाताने द्यावे लागते.

उच्च तापमानाविषयीचा गैरसमज तर याहूनही अधिक ठळक आहे. अमोनियाचे संश्लेषण उष्मादायी आहे. दर टनामागे सुमारे २.७ गिगाज्यूल उष्णता त्यातून बाहेर पडते. चालू कारखान्यात आत येणारा वायू बाहेर जाणाऱ्या तप्त वायूच्या साहाय्यानेच तापविला जातो आणि त्यानंतरही उरलेल्या उष्णतेपासून वाफ निर्माण केली जाते. म्हणजे ४०० ते ५०० अंश सेल्सियस तापमान राखण्यासाठी नेहमीच्या कामकाजात वेगळे इंधन जाळावे लागत नाही. उलट विक्रिया अगदी सौम्य तापमानावर घडविली, तर तीच उष्णता इतक्या खालच्या पातळीवर मिळेल की, तिच्यापासून उपयुक्त वाफ तयार करता येणार नाही. ज्या तापमानास खर्चाचे कलम म्हणून दोष दिला जातो, ते कारखान्याच्या हिशेबात उत्पन्नाचेही साधन आहे.

मग ऊर्जा जाते कोठे? ती जाते हायड्रोजन तयार करण्यात. मिथेनाचे वाफेच्या साहाय्याने विघटन करणारी भट्टी, तिच्या नळ्यांना बाहेरून देण्यात येणारी उष्णता, धुराड्यावाटे निसटणारी उष्णता आणि कार्बन डाय-ऑक्साइड धुऊन काढण्यासाठी वापरलेल्या द्रावणाचे पुनरुज्जीवन, ही खरी खर्चाची स्थाने होत. आपल्या प्रबंधांतून ज्या भांड्यावर सर्व प्रकाशझोत टाकला जातो, ते संश्लेषणाचे भांडे या हिशेबात दुय्यम आहे.

इतिहासही याच निष्कर्षाची साक्ष देतो. १९०९ साली फ्रिट्झ हेबर यांनी कार्लस्रूए येथे आपल्या प्रयोगाचे प्रात्यक्षिक दाखविले आणि १९१३ साली कार्ल बॉश यांच्या नेतृत्वाखाली ओपाऊ येथील कारखाना सुरू झाला. तेव्हाचा ऊर्जाखर्च दर टनामागे १०० गिगाज्यूलच्या घरात होता. त्यावेळचा दाब सुमारे २०० वातावरणे आणि उत्प्रेरक प्रवर्धकयुक्त लोह. आजच्या पुष्कळशा कारखान्यांत दाब १५० ते २०० बार असून उत्प्रेरक, मिटाश यांनी सिद्ध केलेल्या त्याच लोहाचा वंशज आहे. दाब जवळपास तोच, धातू तोच. आणि खर्च मात्र शंभरावरून अठ्ठाविसावर आला. हे कसे घडले, हा प्रश्न प्रबंधलेखकांनी स्वतःस विचारावयास हवा होता.

त्याचे उत्तर एका शोधात नाही, तर सुधारणांच्या एका दीर्घ मालिकेत आहे. कोकपासून मिळणाऱ्या वायूची जागा नैसर्गिक वायूने व नाफ्थ्याने घेतली. मिथेनात प्रत्येक कार्बन अणूमागे चार हायड्रोजन अणू असल्याने केवळ कच्चा माल बदलल्यानेच फार मोठी बचत झाली. पुढे विघटनाची क्रिया दाबाखाली होऊ लागली आणि संपीडनाचा मोठा भार हलका झाला. १९६० नंतरच्या दशकात केलॉग कंपनीच्या आराखड्याचे मोठे, एकाच मालिकेचे कारखाने उभे राहिले. त्यांत पश्चाग्र गतीच्या दट्ट्याच्या संपीडकांऐवजी केंद्रोत्सारी संपीडक आले आणि ते कारखान्यातील टाकाऊ उष्णतेपासून निर्माण केलेल्या वाफेवर चालू लागले. कार्बन मोनॉक्साइड काढण्यासाठी वापरला जाणारा ताम्रद्रव जाऊन त्याजागी नीच तापमानाचा तांबे-जस्त उत्प्रेरक व मिथेनीकरण आले. कार्बन डाय-ऑक्साइड शोषणारी द्रावणे बदलली व त्यांच्या पुनरुज्जीवनास लागणारी उष्णता पुष्कळ कमी झाली. बाहेर सोडून देण्यात येणाऱ्या वायूतून हायड्रोजन परत मिळविण्यात येऊ लागला. यांपैकी एकाही सुधारणेस क्रांतीचे नाव मिळाले नाही. परंतु सर्वांची बेरीज क्रांतीहून मोठी आहे.

याउलट दाबाच्या बाजूने झालेले प्रयोग पाहावेत. जॉर्ज क्लोद यांच्या पद्धतीत दाब १००० वातावरणांपर्यंत नेण्यात आला होता. दुसऱ्या टोकास, १९९२ साली कॅनडातील किटिमॅट येथे कार्बनाधिष्ठित रुथेनियम उत्प्रेरक वापरून सुमारे ९० बारवर संश्लेषण करण्यात आले. हा उत्प्रेरक लोहाहून निःसंशय अधिक क्रियाशील आहे. तरीही अशा कारखान्यांचा ऊर्जाखर्च लोहावर चालणाऱ्या उत्तम कारखान्यांच्या खर्चाहून फारसा निराळा नाही. वर केलेला लॉगॅरिथमचा हिशेब ज्याने एकदा मांडला, त्यास याचे आश्चर्य वाटणार नाही.

येथे रूढ विधानाचे समर्थक निसर्गाचा दाखला देतात. शेंगवर्गीय वनस्पतींच्या मुळांवरील गाठींत राहणारे जीवाणू नायट्रोजनाचे स्थिरीकरण सामान्य तापमानावर व सामान्य दाबाखाली करतात. मग मनुष्यास ते का साधू नये? दाखला मनोवेधक आहे, परंतु त्यातून जो अर्थ काढला जातो तो चुकीचा आहे. नायट्रोजिनेज हे विकर नायट्रोजनाच्या प्रत्येक रेणूमागे एटीपीचे १६ रेणू खर्च करते. प्रमाण अवस्थेतील मूल्य धरले, तर एवढ्या एटीपीची ऊर्जाच दर टन अमोनियामागे सुमारे १४ गिगाज्यूल होते. त्याखेरीज आठ इलेक्ट्रॉन पुरवावे लागतात. त्यांतील दोन हायड्रोजन वायू बनविण्यात जातात. ही सर्व ऊर्जा वनस्पतीने सूर्यप्रकाशापासून बनविलेल्या शर्करेतून येते. तेव्हा जीवाणूंची पद्धती सौम्य आहे हे खरे. ती स्वस्त आहे हे खरे नव्हे. सौम्यता आणि काटकसर हे दोन भिन्न गुण आहेत, हे विसरल्यानेच प्रस्तुत विधान जन्मास आले आहे.

विद्युत्-रासायनिक संश्लेषणाविषयीही हेच म्हणावे लागते. अमोनियाच्या एका रेणूस तीन इलेक्ट्रॉन लागतात. फॅरडेच्या नियमानुसार विद्युत्-पेशीस लावलेल्या प्रत्येक व्होल्टामागे दर टन अमोनियास १७ गिगाज्यूल विद्युत्-ऊर्जा खर्च होते. तीही एकही इलेक्ट्रॉन वाया गेला नाही असे मानून. ज्या लिथियम-माध्यमी पद्धतीविषयी आज सर्वाधिक भरवसा वाटतो, तीत प्रथम लिथियम धातूचा निक्षेप करावा लागतो आणि त्यास ३ व्होल्टांहून अधिक विभवांतर हवे. म्हणजे ५१ गिगाज्यूल तर आरंभीच मोजावे लागले. हायड्रोजन बाहेरून पुरवावयाचा असेल, तर त्याची ऊर्जा निराळी. प्रयोगशाळेतील चंचुपात्र शीतल राहिले, म्हणून ऊर्जा वाचली असे होत नाही. याच क्षेत्रात अत्यल्प अमोनियाचे मापन करताना हवेतून, द्रावणातून वा हातमोज्यांतून आलेल्या अमोनियासच उत्पादित समजण्याचे प्रमाद घडले. समस्थानिक नायट्रोजन वापरून खात्री करून घेण्याची शिस्त २०१९ नंतर अधिक काटेकोरपणे रूढ होऊ लागली, ही समाधानाची गोष्ट होय. तीच शिस्त ऊर्जेच्या हिशेबासही लागू व्हावयास हवी.

अर्थात नव्या उत्प्रेरकांचे संशोधन निरर्थक आहे, असे येथे सुचवावयाचे नाही. अल्प दाबाचा कारखाना लहान प्रमाणावर उभारता येईल. त्याचे भांडवली मोल कमी होईल. सौर वा पवनविजेच्या चढउतारांबरोबर तो कमी-अधिक वेगाने चालविता येईल. ही कारणे सबळ आहेत. तेव्हा संशोधकाने आपल्या कार्याचे समर्थन या कारणांवर करावे. ज्या ऊर्जाबचतीचा हिशेब त्याने मांडलेला नाही, तिच्यावर करू नये.

आता ज्या मापाने आपण बचत मोजतो, त्या मापाकडेही वळले पाहिजे. 'दर टनामागे इतके गिगाज्यूल' हा आकडा दिसावयास निःसंदिग्ध, परंतु वस्तुतः अनेकार्थी आहे. नैसर्गिक वायूचे उच्च व निम्न ऊष्मीय मूल्य यांत सुमारे ११ टक्क्यांचे अंतर असते. कोणते धरले ते न सांगितल्यास तीन गिगाज्यूलची संदिग्धता निर्माण होते. बाहेर पुरविलेल्या वाफेची वजावट केली किंवा नाही, यावरही आकडा बदलतो. सर्वांत मोठा घोटाळा विजेचा आहे. एक मेगावॉट-तास वीज ३.६ गिगाज्यूल धरावी, की ती निर्माण करण्यासाठी औष्णिक केंद्रात जाळलेला सुमारे १० गिगाज्यूलचा कोळसा धरावा? पहिली रीत स्वीकारली, तर वाफेच्या टर्बाइनऐवजी विजेची मोटर बसविताच कारखाना कागदावर काटकसरी ठरतो. खर्च मात्र केवळ शेजारच्या वीजकेंद्राच्या धुराड्याकडे सरकलेला असतो.

विद्युत्-विच्छेदनाने मिळविलेल्या हायड्रोजनापासून अमोनिया बनविण्याच्या आजच्या योजनांस हे माप लावून पाहावे. एक टन अमोनियास सुमारे १७७ किलोग्रॅम हायड्रोजन लागतो. दर किलोग्रॅमास ५० किलोवॉट-तास धरले, तर त्याची वीज ३२ गिगाज्यूल होते; नायट्रोजन वेगळा करणे व संपीडन यांची भर घालता बेरीज ३६ गिगाज्यूलच्या आसपास जाते. रूढ मापाने ही अधोगती ठरेल. परंतु वीज सूर्याची वा वाऱ्याची असेल, तर कारखान्यातील कार्बन डाय-ऑक्साइडचे उत्सर्जन जवळपास नाहीसे होते. आणि हीच वीज कोळशाची असेल, तर ते उत्सर्जन वायूवर चालणाऱ्या उत्तम कारखान्याच्या कितीतरी पट होते. दोन्ही प्रसंगी गिगाज्यूलचा आकडा एकच. ज्या मापास हा भेद दिसत नाही, ते माप आजच्या प्रश्नास अपुरे आहे.

भारतास हा विषय नवा नाही. केरळात उद्योगमंडल येथे १९४७ साली सुरू झालेल्या कारखान्यात अमोनियासाठी लाकडापासून वायू तयार केला जाई. सिंद्री येथे १९५१ पासून कोक वापरला गेला. १९६१ साली सुरू झालेल्या नांगल येथील कारखान्यात भाक्राच्या जलविद्युतीने पाण्याचे विच्छेदन करून हायड्रोजन मिळविण्यात येत असे आणि तेथेच जड पाण्याचेही उत्पादन होई. पुढे विजेची मागणी वाढली आणि तेथील अमोनिया इंधन-तेलावर येऊन ठेपला. आपल्या महाराष्ट्रात थळ येथील कारखाना मुंबई हाय क्षेत्रातील वायूच्या आधारावर उभा राहिला. या सर्वांचे दर टनाचे आकडे एका ओळीत मांडून एकास उद्यमी व दुसऱ्यास उधळा म्हणणे अन्यायाचे होईल; कारण जो फरक दिसेल, त्याचा मोठा भाग कच्च्या मालाचा असेल, कौशल्याचा नव्हे.

शासकीय धोरणानेही या भेदाशी झुंज घेतलेली आहे. मराठे समितीच्या शिफारशींनुसार १९७७ साली आलेल्या धारण-मूल्य योजनेत प्रत्येक कारखान्यास त्याच्या स्वतःच्या खर्चानुसार, ठराविक मानकांच्या मर्यादेत, भरपाई मिळे. त्यामुळे देशात कारखाने वाढले, परंतु महागड्या कच्च्या मालावरील कारखान्यासही बदलण्याची निकड भासली नाही. २०१५ च्या यूरिया धोरणात वायूवर चालणाऱ्या कारखान्यांचे तीन गट करून दर टन यूरियास ५.५, ६.२ व ६.५ गिगाकॅलरी अशी लक्ष्ये ठरविण्यात आली. मानक हा येथे केवळ विद्वानांचा आकडा राहत नाही. त्यावर अनुदान ठरते. म्हणूनच त्याच्या व्याख्येत काटेकोरपणा हवा. येथे आणखी एक अडचण ध्यानी घ्यावी. एक टन अमोनियाचे यूरियात रूपांतर करण्यास सुमारे १.२९ टन कार्बन डाय-ऑक्साइड लागतो. विद्युत्-विच्छेदनाच्या मार्गात तो मिळत नाही. यूरियावर एवढा भर असलेल्या देशात नव्या पद्धतीचा विचार खताचा प्रकार बदलण्याच्या विचारावाचून अपुरा राहील.

शेवटचा आक्षेप मापाच्या सीमेविषयीचा आहे. आपला हिशेब कारखान्याच्या फाटकाशी थांबतो. नायट्रोजनाचा प्रवास मात्र तेथून सुरू होतो. दर टन अमोनियास २८ गिगाज्यूल म्हणजे दर टन नायट्रोजनास ३४ गिगाज्यूल. भातशेतीत घातलेल्या नायट्रोजनापैकी पीक बहुधा ३० ते ४० टक्केच घेते. उरलेल्याचा मोठा भाग हवेत उडून, झिरपून वा जीवाणूंच्या क्रियेने निसटतो. पिकास ३५ टक्के मिळाला असे मानल्यास प्रत्यक्ष उपयोगी पडलेल्या नायट्रोजनाचा ऊर्जाखर्च दर टनास ९७ गिगाज्यूल होतो. शतकभराच्या परिश्रमाने कारखान्यात जे मिळविले, ते शिवारात बहुतांशी गमावले गेले, असा याचा अर्थ होतो. हे प्रमाण ३५ वरून ४० टक्क्यांवर नेता आले, तर तेवढ्याच पिकास आठव्या हिश्शाने कमी अमोनिया पुरेल. ही बचत कारखान्याच्या भाषेत २८ वरून २४.५ वर येण्यासारखी आहे. आणि एवढी मजल कोणत्याही उत्प्रेरकाच्या आटोक्यातील नाही.

या विवेचनाचा इत्यर्थ असा की, अमोनियाच्या ऊर्जाप्रश्नावर लिहिणाऱ्याने आपल्या पहिल्याच परिच्छेदात चार गोष्टींचा खुलासा करावा : ऊष्मीय मूल्य कोणते धरले, विजेचे रूपांतर कसे केले, हिशेबाची सीमा कोठे आखली, आणि आपल्या शोधामुळे २१ व २८ यांच्यामधील सात गिगाज्यूलपैकी नेमके कोणते कलम कमी होणार. विभागातील मार्गदर्शकांनीही प्रबंध स्वीकारण्यापूर्वी हा अर्ध्या पानाचा हिशेब मागावा. त्यास पदवी परीक्षेतील ऊष्मागतिकीहून अधिक ज्ञान लागत नाही. हा हिशेब मांडल्यावर काही विषय गळून पडतील. परंतु हायड्रोजनाची निर्मिती, उष्णतेचा पुनर्वापर, चढउतार सोसणारे संश्लेषण आणि खताचा शेतातील नाश यांसारखे आजवर उपेक्षित राहिलेले विषय त्यांच्या जागी येतील. ऊर्जा तेथेच खर्च होत आहे. तेव्हा ती वाचवावयाचीही तेथेच आहे.